विश्लेषण : खड्डा, धडक की लोकलमधून पडणे? मणक्याच्या दुखापतीची भरपाई कोणाकडे आणि कशी मागायची?

दुसऱ्याच्या चुकीमुळे पाठीला मार बसला तर उपचारांचा खर्च, बुडालेला पगार आणि पुढच्या आयुष्यभराची अडचण या सगळ्यांची भरपाई मागता येते. पण हात किंवा पाय मोडल्याच्या दाव्यापेक्षा पाठीचा दावा सिद्ध करणे अवघड असते. त्यात दार चुकले, म्हणजे महापालिकेकडे मागायची भरपाई विमा कंपनीकडे मागितली, तर वर्षे वाया जातात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या रहिवाशांसाठी कोणते दार कुठे आहे, त्याविषयी...

उच्च न्यायालयाचा खड्ड्यांबाबतचा आदेश काय आहे?

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते-डेरे आणि न्या. संदेश पाटील यांच्या खंडपीठाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या अपघातांसाठी भरपाईचे दर ठरवून दिले. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये. जखमी झाल्यास दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये. चांगला, सुरक्षित रस्ता हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने पुन्हा एकदा सांगितले.

या प्रकरणाचा उगम २०१३ मधला. न्या. गौतम पटेल यांनी मुंबईतल्या रस्त्यांच्या अवस्थेबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. २०१८ मध्ये सविस्तर निकाल लागला. त्याच वर्षी जुलैत कल्याणच्या शिवाजी चौकात खड्ड्यामुळे दुचाकीवरून पडलेल्या महिलेचा बसखाली मृत्यू झाला आणि त्या पावसाळ्यात खड्ड्यांमुळे कल्याण राज्यभर गाजले. निकालाची अंमलबजावणी होत नाही म्हणून अवमान याचिका आली, आणि त्या सुनावणीतून हा भरपाईचा आदेश निघाला. आधीच्या आदेशांत रस्ते नीट ठेवा, तक्रार यंत्रणा उभारा असे होते. या वेळी प्रथमच रक्कम, मुदत आणि जबाबदार अधिकारी असे तिन्ही ठरले.

ही भरपाई मागायची कोणाकडे?

महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हा दावा ठरवते. रस्ता एमएमआरडीए, एमएसआरडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असेल, तर आयुक्तांच्या जागी त्या संस्थेचा प्रमुख अधिकारी बसतो. माहिती मिळाल्यापासून सात दिवसांत समितीची पहिली बैठक व्हायला हवी. जखमीने अर्ज केलाच पाहिजे असेही नाही, वृत्तपत्रातील बातमीवरूनही समिती दखल घेऊ शकते. संबंधित पोलीस ठाण्याने ४८ तासांत घटनेची माहिती समितीला कळवायची आहे. दाव्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे दिले नाहीत तर आयुक्त किंवा त्या संस्थेचे प्रमुख व्यक्तिशः जबाबदार, शिवाय ९ टक्के व्याज. दिलेली रक्कम नंतर दोषी अभियंता किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची.

कागदावर हे सोपे वाटते. ठाणे जिल्ह्यात पहिला प्रश्न मात्र वेगळाच असतो : रस्ता कोणाचा? घोडबंदर रस्त्यावर कोणता तुकडा कोणाकडे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. त्यात मेट्रो ४ चे काम एमएमआरडीएचे. कल्याण-शीळ रस्ता एमएसआरडीसीने केलेला आणि त्यावर मेट्रो १२ चे खांब एमएमआरडीएचे. डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागात महापालिका एमआयडीसीकडे बोट दाखवते आणि एमआयडीसी महापालिकेकडे. जखमी माणसाने हे कोडे सोडवत बसण्यात अर्थ नाही. ज्या संस्थांची नावे शक्य वाटतात त्या सगळ्यांना एकच अर्ज द्यावा आणि त्याची प्रत ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी. समिती कोणतीही असो, प्राधिकरणाचा सचिव तिच्यात असतोच.

अर्जासोबत खड्ड्याचा फोटो हवा, आणि तो केवळ खड्ड्याचा नको. बाजूच्या दुकानाची पाटी, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा बसथांबा दिसायला हवा. पावसाळ्यानंतर तोच खड्डा बुजवला जातो आणि ‘तिथे खड्डा नव्हताच’ असे उत्तर येते. त्या खड्ड्याबद्दल आधी कोणी तक्रार केली होती का, हे माहिती अधिकारात मागवता येते. आधीची तक्रार सापडली तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव संपतो.

आणखी एक मुद्दा, ज्याकडे दुर्लक्ष होते. ही भरपाई इतर कायद्यांनुसार मिळणाऱ्या भरपाईखेरीज आहे, तिच्या बदल्यात नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च पाहता अडीच लाखांची कमाल मर्यादा अनेकांना पुरणार नाही. उरलेल्या नुकसानीसाठी महापालिकेवर दिवाणी दावा करता येतो. त्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये सदोष रस्त्यासाठी कंत्राटदार किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड आहे. पण तो दंड सरकारच्या अपघात निधीत जातो, जखमीच्या हातात नाही.

दुसऱ्या वाहनाने धडक दिली तर?

मग दार बदलते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. ठाण्यात जिल्हा न्यायालयात आणि कल्याणमध्येही हे न्यायाधिकरण आहे. अपघात कुठे झाला यापेक्षा तुम्ही कुठे राहता, यावरूनही न्यायाधिकरण निवडता येते. डोंबिवलीकराचा अपघात सोलापूर महामार्गावर झाला तरी त्याला सोलापूरच्या तारखांना जावे लागत नाही. दावा चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध असतो. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते.

इथे एकाच खड्ड्याची दोन उत्तरे निघतात. दुचाकीस्वार एकटाच खड्ड्यात पडला, तर दुसरे वाहन नाही, त्यामुळे कलम १६६ लागत नाही. त्याच्या स्वतःच्या पॉलिसीतील १५ लाखांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात कवच मृत्यू आणि गंभीर कायमस्वरूपी अपंगत्वापुरते आहे, त्यात सरकलेली गादी बसत नाही. त्याला समिती किंवा दिवाणी न्यायालय एवढेच मार्ग. पण त्याच खड्ड्यात भरधाव रिक्षा आदळून मागे बसलेल्या प्रवाशाच्या कमरेला मार लागला, तर चालकाच्या निष्काळजीपणाबद्दल रिक्षाच्या विमा कंपनीवर दावा होतो आणि खड्ड्यासाठी समितीकडेही अर्ज करता येतो. शेअर रिक्षात चौथी सीट घेऊन बसलेल्यांनी मात्र विमा कंपनी हा मुद्दा उचलणार हे गृहीत धरावे.

मित्राच्या बाइकवर मागे बसलेल्याची स्थिती सर्वांत नाजूक. बाइकचा केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल आणि चूक मित्राचीच असेल, तर मागे बसलेल्याला त्या पॉलिसीत संरक्षण नसते. सर्वंकष पॉलिसी असेल तर असते.

पाठीचा दावा सिद्ध करणे अवघड का?

हाड मोडले की एक्स-रेमध्ये दिसते. पाठीचे तसे नाही. बरगड्यांना जोडलेला वरचा ताठ कणा आणि कमरेचा लवचिक भाग जिथे जुळतात तिथे, म्हणजे डी-१२ आणि एल-१ या मणक्यांवर, उभा झटका एकवटतो. बसच्या शेवटच्या सीटवर बसलेला प्रवासी गतिरोधकावर उडून खाली आदळला की नेमका हाच मणका दबतो. असा दबलेला मणका एक्स-रेत दिसतो आणि त्यावर फारसा वाद होत नाही. वाद होतो तो एल-४, एल-५ च्या गादीवरून. चाळिशीनंतर अनेकांच्या एमआरआयमध्ये ही गादी थोडी बाहेर आलेली दिसते, दुखत नसले तरी. त्यामुळे विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो : हे अपघातामुळे कशावरून, वयामुळे का नाही?

उत्तर तारखांमध्ये असते. अपघाताच्या दिवशीच रुग्णालयात गेल्याची नोंद, त्यात ‘कंबरदुखी’ किंवा ‘पायात मुंग्या’ असा उल्लेख आणि काही दिवसांत काढलेला एमआरआय, ही साखळी अखंड असेल तर वयाचा मुद्दा दुबळा पडतो. अपघातानंतर खरचटलेल्या गुडघ्याला पट्टी बांधून घरी गेले, महिनाभर बाम चोळला आणि मग एमआरआय काढला, तर दुखापत खरी असूनही दावा लंगडा होतो. पाठीचे दुखणे अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, म्हणून पहिल्या दिवशी थोडे दुखत असले तरी डॉक्टरांना सांगून कागदावर आणावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर अशा पालिका रुग्णालयांत अपघाताची ‘एमएलसी’ नोंद होते. खासगी रुग्णालयात गेल्यास ती करा असे स्पष्ट सांगावे. आधीपासून पाठीचा त्रास होता ही गोष्ट लपवू नये. जुने रिपोर्ट विमा कंपनी शोधून काढते. ‘आधी थोडा त्रास होता, पण कामावर जात होतो आणि अपघातानंतर जाता येईना’ हे सांगणारा हजेरीपट लपवाछपवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

फौजदारी गुन्ह्यातही हाच पेच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणे किंवा निखळणे ही आपोआप गंभीर दुखापत ठरते. गादी सरकणे त्यात थेट येत नाही. मात्र १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचे काम करता आले नाही, तर तीही गंभीर दुखापत मानली जाते. जुन्या दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिलेली विश्रांतीची चिठ्ठी आणि कार्यालयातील रजेची नोंद हे कागद जपून ठेवावेत.

रक्कम कशी ठरते?

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० मधील राजकुमार विरुद्ध अजय कुमार हा निकाल याचा पाया आहे. त्यातला मुख्य मुद्दा असा : डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गेलेल्या सुतार किंवा चालकाची कमाई जवळपास पूर्ण बुडते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. पाठीला हे आणखी लागू पडते. ‘मणक्याचे ३० टक्के अपंगत्व’ असे प्रमाणपत्र असेल, तर ते फक्त मणक्यापुरते की पूर्ण शरीराचे, हे आधी ठरते. मग हा माणूस काय काम करतो ते पाहिले जाते. भिवंडीच्या गोदामातील माथाडी कामगार आणि वागळे इस्टेटमधला संगणकावर काम करणारा कर्मचारी यांची सारखीच दुखापत सारखी रक्कम देत नाही.

समजा, ३४ वर्षांचा डिलिव्हरीचे काम करणारा तरुण महिन्याला २५ हजार रुपये कमावतो आणि न्यायाधिकरणाने त्याच्या कमाईतील घट २० टक्के धरली. वर्षाचे उत्पन्न ३ लाख. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतील, पक्की नोकरी नसलेल्यांच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात : ४ लाख २० हजार. २००९ च्या सरला वर्मा निकालातील तक्त्यात ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे : ६७ लाख २० हजार. त्याचे २० टक्के म्हणजे १३ लाख ४४ हजार रुपये. हीच घट ५ टक्के धरली तर रक्कम ३ लाख ३६ हजारांवर येते. सगळी लढाई त्या एका टक्केवारीवर का होते, हे यावरून कळते.

याखेरीज उपचार, प्रवास, सकस आहार, मदतनीस, उपचारकाळात बुडालेली कमाई, पुढचे उपचार, वेदना आणि जगण्यातला आनंद हरवणे असे स्वतंत्र मथळे असतात. नोकरी टिकली म्हणून कमाईतील घट शून्य धरली गेली तरी हे मथळे उरतात. उत्पन्नाचा पुरावा म्हणून प्राप्तिकर विवरणपत्र किंवा बँक खात्यात जमा होणारा पगार सर्वांत चांगला. रोखीत कमावणाऱ्यांचे उत्पन्न न्यायाधिकरण अंदाजाने धरते आणि तो अंदाज सहसा हात राखूनच असतो.

अपंगत्वाचे प्रमाणपत्र केवळ जोडून भागत नाही. ते देणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीला येणे अपेक्षित असते. उपचार न करता मागेल तशी प्रमाणपत्रे देणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा, असे राजकुमार निकालातच न्यायाधिकरणांना बजावले आहे. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या डॉक्टरांची किंवा जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाची टक्केवारी अधिक टिकते.

मेडिक्लेममधून बिल भागले असेल तर? विमा कंपन्या ती रक्कम भरपाईतून वजा करण्याचा आग्रह धरत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी हा वाद मिटवला. मेडिक्लेम हा हप्ते भरून घेतलेला स्वतंत्र करार आहे, त्यामुळे ती रक्कम वजा होणार नाही, असा तो निर्णय आहे.

मुदत किती?

१ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी कलम १६६(३) नुसार सहा महिने. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस उठून बसेपर्यंतच एवढे दिवस जातात, हे या तरतुदीवरील आक्षेपांचे मूळ आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, नोव्हेंबर २०२५ मधील अंतरिम आदेशात मुदत उलटली या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. अंतरिम आदेश कायमचा नसतो. त्याच्या भरवशावर थांबू नये.

पोलिसांवरही जबाबदारी आहे. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. या अहवालालाच दावा अर्ज मानता येते. तो गेला की नाही, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे.

विमा कंपनीकडून कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी चूक सिद्ध न करता अडीच लाख रुपये मिळू शकतात. पण ठरलेल्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या उदाहरणातील तरुणाने अडीच लाख घेतले, तर त्याचे १३ लाख गेले.

धडक देणारा पळून गेला तर?

वाहनाचा ठावठिकाणा लागलाच नाही तर ‘हिट अँड रन’ योजनेत गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. सुरुवातीच्या उपचारांसाठी मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड योजना आहे : अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत.

लोकलमधून पडल्यास?

९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळच्या वळणावर दोन गर्दीच्या लोकल एकमेकींशेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. अशा घटनांत रेल्वे कायदा, १९८९ चे कलम १२४-अ लागू होते. यात रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. दारात उभे राहिलात ही तुमचीच चूक, हा बचावही टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते अनेकदा सांगितले आहे. मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत, दुखापतीची रक्कम नियमांतील अनुसूचीनुसार. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात एका वर्षाच्या आत करायचा. रूळ ओलांडताना धडक बसली, तर हे कलम लागत नाही.

पडताना खिशातला पास हरवला तरी दावा संपत नाही. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, प्रवासी असल्याचे शपथपत्र आणि परिस्थिती पाहावी, असे २०१८ च्या रीना देवी निकालात म्हटले आहे. पास मोबाइल अॅपवर काढलेला असेल तर तो पुरावा आपोआप राहतो. स्टेशन मास्तरांचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांच्या नोंदीत ‘लोकलमधून पडून’ असे शब्द आहेत ना, हे नातेवाइकांनी त्याच दिवशी पाहावे. तिथे ‘रूळ ओलांडताना’ असे लिहिले गेले, तर पुढे ते खोडून काढणे फार कठीण.

कामावर असताना इजा झाली तर?

ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर लाभ ईएसआयकडून मिळतात आणि मालकावर कर्मचारी भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही. ईएसआय नसेल तर मालक जबाबदार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात येतो. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे मान्य केले. तो पहाटेच्या पाळीसाठी निघाला असताना वाटेत दगावला होता.

वकिलाचे शुल्क आणि लोकअदालत

‘आता काही देऊ नका, निकालानंतर इतके टक्के द्या’ असे सांगणारे रुग्णालयाच्या दारातच भेटतात. भरपाईच्या रकमेत वाटा ठरवून घेणे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना निषिद्ध आहे, आणि दलालांना तर कोणतेच नियम नाहीत. महिला, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील नागरिक यांना उत्पन्नाची अट न लावता आणि इतरांना राज्यात वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे.

लोकअदालतीत मोटार अपघाताचे दावे मोठ्या संख्येने मिटतात आणि पैसे लवकर हातात येतात. मात्र तिथल्या तडजोडीवर अपील नाही. मणक्याच्या रुग्णाला वर्षभराने दुसरी शस्त्रक्रिया लागली, तरी तो खर्च पुन्हा मागता येत नाही. त्यामुळे पुढे शस्त्रक्रियेची शक्यता किती आणि खर्च किती, हे डॉक्टरांकडून सही करण्याआधी लेखी घ्यावे आणि विमा कंपनीच्या वकिलासमोर तोच कागद ठेवावा.